सातला लागणारा दिवा

फेर्मीन कॉफीला आला तो नेहमीप्रमाणे तासभर उशिरा.

"या, या," दोमितिलाबाई म्हणाल्या. "जून उजाडला, तरी तुझं घड्याळ अजून फेब्रुवारीतच?"

"सरकारनं मार्चात काटे तासभर पुढे ढकलले म्हणून सूर्य काही पुढे सरकला नाही," फेर्मीन खुर्चीत अंग टाकत म्हणाला. "नोव्हेंबरात पुन्हा मागे आणायचेच ना? मग हा उपद्व्याप हवाय कशाला! माझा कोंबडा जुन्या वेळेलाच आरवतो. मी त्याच्या बाजूचा."

"आणि कॉफी गार होते ती?"

"गार पितो."

प्लासेतास गावच्या सिगार कारखान्यात फेर्मीननं अडतीस वर्षं सिगार वळले. त्यातली एकतीस वर्षं दोमितिलाबाई उंच खुर्चीवर बसून कामगारांना वाचून दाखवत होत्या. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. रहस्यकथा असली की बाई मुद्दाम शेवटचं प्रकरण दुसऱ्या दिवसावर ठेवायच्या आणि खुनी कोण यावर अख्ख्या कारखान्यात पैजा लागायच्या. फेर्मीननं एकही पैज कधी जिंकली नाही. बाई निवृत्त झाल्या तशी माणसं आपापली रहस्यं घेऊन त्यांच्या दाराशी यायला लागली. कुणाची कोंबडी नाहीशी व्हायची, कुणाला निनावी पत्र यायचं. बाई सोडवायच्या, फेर्मीन सोबत असायचा. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. घरी बसून करणार काय? दोन्ही मुलगे देश सोडून गेलेले.

त्या गुरुवारी दारात एनेइदा उभी राहिली. पलीकडच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई. हातात भिंतीवरून उतरवलेली दिनदर्शिका, आणि डोळे रडून सुजलेले.

"बाई," ती म्हणाली, "माझी पोर जिवंत आहे का, एवढंच मला शोधून द्या."

फेर्मीनचा कप हातातच राहिला. एनेइदाची मायदेलिन सुखरूप आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तिचा दिवा रोज लागत होता की!

"बस आधी," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."

मायदेलिन परिचारिका. गेल्या वर्षी जानेवारीत ती उरुग्वेला, मोंतेविदेओला गेली. निघण्याआधी समोरच्या ओस्मेल न्हाव्यानं एक दिवा बनवला होता. हिरव्या बाटलीचा, जुन्या पंख्याच्या बैठकीवर बसवलेला. तिकडे मायदेलिन कामावरून घरी पोचली की फोनवरचं एक बटण दाबायची, आणि इकडे आईच्या खिडकीत दिवा दहा मिनिटं लागायचा. म्हणजे पोचले. बाकी काही नाही.

"सतरा महिने त्या दिव्यावर जगतेय मी," एनेइदा म्हणाली. "पण परवा मंगळवारी दुपारपासून देशाबाहेरचं इंटरनेट तुटलं होतं. देशातल्या देशात चालू, बाहेरचं पार बंद. आमच्या ओदालिसला तिच्या नवऱ्याशी बोलता येईना, तो माद्रिदला असतो. बुधवारी सकाळी जोडणी आली, तेव्हा ती म्हणाली, मावशी, काल जगातून काहीसुद्धा येत नव्हतं."

"मग?"

"मंगळवारी संध्याकाळी माझा दिवा लागला, बाई! उरुग्वेहून काही येतच नव्हतं, तर लावला कुणी? कुणीतरी इथूनच लावतंय. मला कळू नये म्हणून. काय कळू नये?"

  रोज संध्याकाळी फेर्मीन मुद्दाम त्या खिडकीवरून चक्कर मारायचा. कुणाचं तरी पोर घरी पोचलं, एवढं बघून त्याला जेवण जायचं. हे त्यानं बाईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

दोमितिलाबाईंनी चष्मा चढवला. "दिनदर्शिका दे बघू."

---

एनेइदाच्या घरी सगळीकडे पेरूचा वास भरला होता. चुलीवर पेरूच्या फाकी पाकात रटरटत होत्या. खिडकीत तो दिवा होता आणि शेजारच्या कोपऱ्यात फरशीवर चार गोल खुणा. तिथं तिचं शिलाई मशीन असायचं. मुलीच्या तिकिटासाठी विकलं. आता ती हातानं शिवते.

"मोठ्या दवाखान्यात आहे हो माझी पोर," ती सवयीनं म्हणाली आणि लगेच चुलीकडे वळली.

बाई दिनदर्शिका बघत होत्या. रोजच्या चौकोनात एनेइदानं दिवा लागल्याची वेळ लिहिली होती. सहा अठ्ठावन्न. सात अकरा. सात दोन. एकदा सात चाळीस. अधूनमधून नुसती फुली.

"फुली म्हणजे लागला नाही?"

"हो. यंदा नऊ वेळा. गेल्या वर्षी अख्ख्या वर्षात एकदाच. त्या नऊ रात्री मी कशा काढल्या ते माझं मला ठाऊक. इथं तर वीज असायची."

"वेळ साधारण सातचीच?"

"यंदा सातचीच. ते एक बरंय. गेल्या उन्हाळ्यात आठ वाजता लागायचा, ऐन टीव्हीवरच्या बातम्यांच्या वेळी. सात-आठ महिने बातम्या पाहिल्या नाहीत मी."

"आणि गेल्या हिवाळ्यात?"

"सातला. पुन्हा उन्हाळ्यात आठला जाईल असं वाटलं होतं, पण यंदा सातलाच राहिला."

बाईंनी मान हलवली. मग त्यांचं लक्ष फळीवरच्या रिकाम्या बरणीकडे गेलं. लख्ख धुतलेली होती.

"ती ओस्मेलची," एनेइदा म्हणाली. "दर शनिवारी पेरूच्या फाकींची बरणी नेतो, सोमवारी धुऊन परत आणतो. गुणाचं लेकरू. त्याला फार आवडतात. मागे म्हणाला, काकू, दालचिनी जरा कमी पडतेय. तेव्हापासून दोन काड्या जास्त टाकते."

"मला चाखायला दे," फेर्मीन म्हणाला.

"तू तपासाला आलायस," बाई म्हणाल्या.

फेर्मीननं तरी खाल्लंच. अमृत होतं अगदी.

---

ओदालिस शेजारीच राहायची. एनेइदाची भाची, तोंडानं तिखट. मायदेलिनचे निरोप तिच्या फोनवर यायचे, कारण एनेइदाच्या जुन्या फोनवर नुसता आवाज चालायचा.

"म्हणजे संशय माझ्यावर?" तिनं कमरेवर हात ठेवले. "मीच लिहिते निरोप, मीच लावते दिवा! मला दुसरा धंदाच नाही ना!"

"तसं म्हटलं का मी?" बाई म्हणाल्या. "मायदेलिनचा आवाज शेवटचा कधी ऐकलास?"

ओदालिसचा नूर उतरला. "नाताळात. जानेवारीपासून म्हणते, फोनचा माइक बिघडलाय. नुसतं लिहिते. दर रविवारी."

"वाच बरं काही. गेल्या वर्षीच्या मेमधलं."

"'आई, थंडीनं बोटं वाकत नाहीत. दोन स्वेटर घालून झोपते. तुझ्या पांघरुणाची आठवण येते.'"

"आणि यंदाच्या मेमधलं?"

"'आई, रात्रभर डासांनी फोडून काढलं, डोळ्याला डोळा नाही. पण काळजी करू नकोस. काम छान चाललंय.'"

"बिच्चारी," फेर्मीन म्हणाला. "थंडीतून सुटली तर डासांच्या तावडीत सापडली."

बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी कारखान्यात तो चुकीच्या माणसावर पैज लावायचा तेव्हा पाहायच्या.

---

ओस्मेलच्या दुकानात पाऊल टाकलं की कोपऱ्यातला पंखा आपोआप फिरायला लागे. त्याला मोडक्या धुलाई यंत्राची मोटर होती. नळाला पाणी आलं की आरशावरची घंटा वाजे. मागच्या खोलीत भात शिजला की रेडिओ बंद पडे. तो का बंद पडतो, हे ओस्मेललाही अजून सापडलं नव्हतं. दिवसा केस कापायचे आणि उरल्या वेळात भंगारातल्या यंत्रांना अक्कल शिकवायची, हा त्याचा छंद. प्रोग्राम लिहायला तो कुणाकडे शिकला नव्हता, एक एक चूक करत शिकला होता.

"मंगळवारी सातला हा कुठं होता ते मी सांगतो," फेर्मीन छाती काढून म्हणाला. "माझ्या डोक्यावर! म्हणजे माझे केस कापत होता. माझ्या घड्याळात सहा, तुमच्यात सात. समोर खिडकीत दिवा लागलेला मी या खुर्चीतून पाहिला. याच्या एका हातात कात्री, दुसऱ्यात कंगवा."

"मग मी सुटलो तर," ओस्मेल हसला. पण ते हसू ओठांपुरतंच होतं.

"दिवा कुणाकुणाच्या फोनवरून लागतो?"

"फक्त मायदेलिनच्या. दिव्याचा सांकेतिक शब्द तिच्याच फोनमध्ये आहे."

त्यानं कॉफी आणली. दोन कपांत साखर घातली, तिसऱ्यात नाही.

"अरे, हे काय?" फेर्मीननं तोंड वाकडं केलं. "बिनसाखरेची कॉफी माणसं पितात?"

"डॉक्टरांनी तोडलंय गोड. रक्तातली साखर वाढलीय. डिसेंबरपासून साखरेचा कण जिभेला लावला नाही."

बाई भिंतीवरच्या वह्या चाळत होत्या. पाणी कोणत्या दिवशी किती वाजता आलं. भात किती मिनिटांत झाला. कुत्रा दिवसातून किती वेळा पाणी प्यायला.

"कुत्र्याचीसुद्धा नोंद! आणि दिव्याची वही कुठंय? निरोप कुठून आला, किती वाजता आला?"

ओस्मेलनं कप खाली ठेवला. "ती नाही ठेवली. साधा प्रयोग आहे तो, बाई."

"बरं. आणि नवीन काय केलंस इतक्यात?"

"हा पंखा. गेल्या नोव्हेंबरात. त्यानंतर हात लावायला सवड नाही."

निघताना बाईंनी दारावरची पाटी वाचली. 'शनिवारी बंद.'

"शनिवारी सांता क्लारा शहरात जातो," ओस्मेल घाईघाईनं म्हणाला. "सुटे भाग आणायला."

---

परतताना फेर्मीनच्यानं राहवलं नाही. "बाई, मला वाटतं ओस्मेलच. त्याचा तिच्यावर जीव होता, सगळ्यांना माहीत आहे. पोरीचं काही बरंवाईट झालं असणार, आणि हा यंत्राकडून दिवा लावून घेतो. त्याला कात्री खाली ठेवायचीसुद्धा गरज नाही."

"नऊ रात्री फुली पडते. प्रेमापोटी खोटा दिवा लावणारा माणूस त्या माउलीला नऊ रात्री रडवेल?"

"मग ओदालिस."

"तिला लपवायचं असतं, तर जगातून काही येत नव्हतं हे तिनंच येऊन सांगितलं असतं का?" बाई थांबल्या. "किती वाजले रे?"

"पाच."

"म्हणजे सहा." त्या एकदम हसल्या. मग त्यांचे डोळे भरले, ते का, हे फेर्मीनला मुळीच कळलं नाही. "फेर्मीन, आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या घड्याळाचा कुणाला तरी उपयोग झाला. शनिवारी सकाळी एनेइदाकडे ये. आणि कृपा करून वेळेवर."

---

शनिवारी फेर्मीन वेळेवर पोचला. त्यासाठी त्याला घड्याळात पाहणंच सोडून द्यावं लागलं.

ओस्मेल बरणी घ्यायला आला होता. खांद्याला पिशवी, दाढी गुळगुळीत. खोलीत बाई, एनेइदा आणि ओदालिस बसलेल्या पाहून तो दारातच थबकला.

"ये आत," बाई म्हणाल्या. "बरणी घे हातात. आणि एनेइदा, पहिल्यांदा शेवटचं प्रकरण वाचते, कारण तुला उद्यापर्यंत थांबवणं पाप होईल. तुझी पोर जिवंत आहे. दिवा तीच लावते. रोज, स्वतःच्या हातानं."

एनेइदानं दोन्ही हात तोंडावर घेतले.

"पण बाहेरचं तर बंद होतं!" ओदालिस ओरडली.

"होतं. म्हणून ती बाहेर नाही."

 चुलीवरचा पाक तेवढा बुडबुडत होता.

"ऐका," बाई म्हणाल्या, अगदी कारखान्यातल्या आवाजात. "गेल्या वर्षी दिवा हिवाळ्यात सातला लागायचा आणि उन्हाळ्यात आठला. असं का? कारण आपण मार्चात काटे तासभर पुढे करतो आणि मोंतेविदेओत ते कुणी करत नाही. ती रोज तिकडच्या नऊलाच घरी पोचायची. तिचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले सात, उन्हाळ्यात आपले आठ. म्हणजे गेल्या वर्षी ती खरंच तिकडे होती. यंदाही मार्चात आपले काटे पुढे गेले. दिवा आठला जायला हवा होता, पण तो सातलाच राहिला. बटण दाबणाऱ्याचे काटेसुद्धा आपल्याबरोबर पुढे गेले होते. आपल्या फेर्मीनसारखी ती हट्टी असती, तर मला हे कधी कळलं नसतं."

फेर्मीननं मनगट पाठीमागे लपवलं.

"दिवा यंत्र लावत नव्हतं. यंत्र ठरल्या मिनिटाला लावतं. इथं कधी सहा अठ्ठावन्न, कधी सात चाळीस. थकलेल्या माणसाचा हात आहे तो. यंदा नऊ फुल्या पडल्या, गेल्या वर्षी एक. वीज जाऊन फोन मुका होण्याचे दिवस कुठे जास्त असतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि डास! दक्षिणेला मे म्हणजे थंडीची सुरुवात. गेल्या मेमध्ये दोन स्वेटर घालणाऱ्या पोरीला यंदा डास फोडून काढतात, ते तिथले नव्हेत. आपलेच आहेत."

"मग आहे कुठं ती?" एनेइदाचा आवाज फुटला.

"ते बरणीला विचार." बाई ओस्मेलकडे वळल्या. "डिसेंबरपासून यानं साखरेचा कण खाल्लेला नाही. तरी दर सोमवारी बरणी रिकामी येते. ज्यानं फाक चाखलीच नाही, त्याला दालचिनी कमी पडते हे कळलं कसं? सुटे भाग आणायला हा दर शनिवारी सांता क्लाराला जातो, पण नोव्हेंबरपासून यानं एक खिळासुद्धा नवा ठोकलेला नाही. कुत्र्याच्या पाण्याची नोंद ठेवणारा माणूस दिव्याची ठेवत नाही म्हणतो. ठेवली होती रे, ओस्मेल. जानेवारीत निरोप देशातूनच यायला लागले, हे तुलाच सगळ्यांत आधी दिसलं. हो ना?"

ओस्मेलनं बरणी छातीशी धरली होती. मान खाली.

"तिनं शपथ घातली होती, काकू," तो म्हणाला. "तिकडे तिचे कागद कुणी मानले नाहीत. परिचारिका म्हणून कुणी घेतलंच नाही. वर्षभर म्हाताऱ्यांच्या आश्रमात फरशा पुसल्या तिनं. मग परत आली. सांता क्लाराला एका मैत्रिणीकडे राहते, तिथल्याच दवाखान्यात लागलीय. सहाला सुटते, सातच्या सुमारास खोलीवर पोचते. मी म्हणालो, तीस किलोमीटर तर आहे, चल घरी. तर म्हणते, आईनं मशीन विकलं. अख्ख्या गल्लीला सांगितलं, माझी पोर मोठ्या दवाखान्यात आहे. कुठल्या तोंडानं दारात उभी राहू?"

"आणि फाकी?"

"बरणी उघडते आणि आधी नुसता वास घेते," ओस्मेल म्हणाला. "रडते. मग खाते. मी बसतो समोर. दुसरं काय करणार?"

फेर्मीन खिडकीबाहेर बघू लागला. आपल्या मुलांपैकी कुणी असं तीस किलोमीटरवर येऊन लपलं असतं, तर तो अनवाणी चालत गेला असता. पण ती दोघं खरोखरच लांब होती.

एनेइदा उठली. ओस्मेलला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तिनं त्याच्या हातून बरणी काढून घेतली, फळीवर ठेवली आणि झग्याला हात पुसले.

"मीच मूर्ख," ती म्हणाली. "मला मेलीला मोठा दवाखाना हवा होता कधी? लोकांसमोर टेंभा मिरवला एवढंच. मला दिव्यातून एकच कळायला हवं होतं, पोर घरी पोचली की नाही. आणि सहा महिने ती 'पोचले' म्हणून बटण दाबतेय आणि घरी मात्र पोचत नाहीये!" तिनं डोळे पुसले. "ओस्मेल, काढ फोन. लिही तिला. दिवा बिघडलाय. आता पोचलीस की तोंडानं सांगावं लागेल."

ओस्मेलनं लिहिलं. उत्तर आलं नाही. दुपार उलटली तरी आलं नाही.

---

सात वाजले. एनेइदा खिडकीसमोर बसून होती. तिच्यामागे बाई, ओदालिस, ओस्मेल आणि फेर्मीन. दिवा धडधाकट होता, पण लागला नाही. सात पाच झाले. सात दहा.

"सांता क्लाराची गाडी वेळेवर आली, असं कधी झालंय का?" फेर्मीन म्हणाला. त्यालाच ते पोकळ वाटलं. ओदालिस नखं कुरतडत होती. शेवटचं प्रकरण बाईंनाही ठाऊक नसतं तेव्हा त्या कशा दिसतात ते फेर्मीननं त्या दिवशी पाहिलं.

सात बावीसला दार वाजलं.

ते उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर मायदेलिन उभी होती. पायात दवाखान्याच्या पांढऱ्या चपला, हातात फोन आणि अंगठा अजून त्या बटणावर. ती खूप वाळली होती. तिनं सगळ्यांकडे पाहिलं, मग फक्त आईकडे.

"आई," ती म्हणाली. "पोचले."

एनेइदानं मोंतेविदेओचं काही विचारलं नाही. मशीनचं नाही, सहा महिन्यांचंही नाही. फळीवरची बरणी उचलली, झाकण काढलं आणि चमचा पुढे धरला.

"खाऊन बघ ग," ती म्हणाली. "दालचिनी पुरलीय का या वेळी?"